भिंतीचे मोल आणि चित्राची किंमत

१८ मे २०१७ रोजी न्यूयॉर्कमधील सदबीज या लिलावगृहात एका चित्राचा लिलाव झाला. निळ्या पार्श्वभूमीवर काळ्या, जोरकस रेघांनी चितारलेली एक कवटी आणि तिच्यावरून वाहिलेले रंगाचे ओघळ असे त्या चित्राचे स्वरूप. १९८२ मध्ये काढलेले हे चित्र १९८४ साली १९ हजार डॉलरला विकले गेले होते. या वेळी त्याला ११ कोटी ५ लाख डॉलर मिळाले. अमेरिकी कलावंताच्या कलाकृतीला लिलावात तोवर मिळालेली ही सर्वोच्च किंमत होती. जपानी उद्योजक युसाकू माएझावा यांनी हे चित्र विकत घेतले. चित्रकार ज्याँ-मिशेल बास्किया मात्र २९ वर्षांपूर्वीच, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी मरण पावला होता. हे चित्र काढण्याच्या तीन-चार वर्षे आधीपर्यंत तो मॅनहॅटनच्या भिंतींवर रात्री-अपरात्री फवाऱ्याच्या रंगाने वाक्ये लिहीत हिंडत असे.

रस्त्यावरील भिंती रंगवणारे तरुण कलाबाजाराच्या शिखरावर कसे पोहोचले, ही गेल्या अर्धशतकातील कलेच्या इतिहासातील एक विलक्षण घटना आहे. या प्रवासाकडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. बाजाराने या कलावंतांना किंमत दिली ती प्रामुख्याने कॅनव्हासला आणि कागदाला. ज्या भिंतींनी आणि रेल्वेच्या डब्यांनी त्यांना नाव मिळवून दिले, ते मूळ काम बहुतांशी पुसले गेले आणि ते करणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या वाट्याला दंड, अटक वा विस्मृती आली.

नावाची खूण

‘ग्राफिटी’ हा शब्द मूळचा इटालियन. ओरखडून लिहिणे, या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. पाँपेई या प्राचीन रोमन नगराच्या अवशेषांतील भिंतींवरही असे लेखन सापडते. मराठी वाचकांना हा शब्द परिचित झाला तो वर्तमानपत्रात रोज छापून येणाऱ्या एका ओळीच्या मिस्कील मजकुरामुळे. तथापि, अमेरिकेतील आधुनिक ग्राफिटीचा प्रारंभ विनोदातून वा घोषणेतून झालेला नाही. तो झाला स्वतःचे नाव लिहिण्यातून.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फिया शहरात ‘कॉर्नब्रेड’ या टोपणनावाच्या मुलाने शहरभर आपले नाव लिहिण्यास सुरुवात केली. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये १८३व्या रस्त्यावर राहणाऱ्या आणि निरोप्याचे काम करणाऱ्या एका ग्रीकवंशीय तरुणाने आपल्या कामाच्या फेऱ्यांत जागोजागी ‘टाकी १८३’ अशी खूण उमटवली. २१ जुलै १९७१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर वृत्तांत छापला आणि त्याच्या अनुकरणाची लाट आली. नावापुढे रस्त्याचा क्रमांक लिहिण्याची ही रीत शहरातील गरीब वस्त्यांमधील, विशेषतः कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांतील मुलांनी उचलली. ही मुले स्वतःला चित्रकार म्हणवत नसत. ‘रायटर’ म्हणजे लिहिणारे म्हणवत.

लवकरच साध्या सहीला बाह्यरेषा आल्या, रंग आले, अक्षरे फुगीर आणि गुंतागुंतीची झाली. भुयारी रेल्वेचा डबा हे या लेखनाचे आवडते माध्यम ठरले. ब्राँक्समध्ये रंगवलेला डबा दुसऱ्या दिवशी ब्रुकलिनमध्ये दिसे. एका वस्तीतील मुलाचे नाव साऱ्या शहरात फिरे. अंधारात, यार्डात उभ्या गाडीवर, पहारेकऱ्यांची नजर चुकवून काही तासांत अख्खा डबा रंगवणे हे कौशल्याचे आणि धाडसाचे काम होते. ज्यांचे नाव एरवी कोणी विचारत नव्हते, त्यांनी ते शहराला वाचायला लावले.

शहराच्या प्रशासनाला हे मान्य होणे शक्य नव्हते. महापौर जॉन लिंडसे यांनी १९७२ मध्ये ग्राफिटीविरोधी मोहीम उघडली. पुढे महापौर एड कॉच यांच्या कारकिर्दीत यार्डांभोवती काटेरी तारांची कुंपणे आली, राखणीला कुत्रे ठेवले गेले. न्यूयॉर्क तेव्हा आर्थिक दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. रंगलेली रेल्वे अनेक प्रवाशांना कला वाटत नसे. शहर हाताबाहेर गेल्याची ती खूण वाटे. या भीतीलाही आधार होता, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

यार्डातून दालनाकडे

कलाजगताचे लक्ष या मुलांकडे तुलनेने लवकर गेले. ह्यूगो मार्टिनेझ या विद्यार्थ्याने १९७२ मध्ये ‘युनायटेड ग्राफिटी आर्टिस्ट्स’ ही संघटना उभी केली. १९७३ मध्ये या मुलांचे कॅनव्हास सोहो भागातील रेझर गॅलरीत मांडले गेले. त्याच वर्षी नृत्यरचनाकार ट्वायला थार्प यांच्या ‘ड्यूस कूप’ या नृत्यप्रयोगात नर्तक पुढे नाचत असताना मागील पडद्यावर हीच मुले प्रत्यक्ष रंगकाम करीत. मात्र हे कौतुक फार टिकले नाही.

खरी कलाटणी मिळाली ती १९७९-८० मध्ये. पोर्तो रिकोत जन्मलेला आणि मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये वाढलेला ली किन्योनेस हा त्या पिढीतील सर्वांत आदराने घेतले जाणारे नाव. ‘फॅब्युलस फाइव्ह’ या त्याच्या चमूने दहा डब्यांची संपूर्ण गाडी रंगवली होती. याच चमूशी जोडलेल्या फ्रेड ब्रेथवेट ऊर्फ फॅब फाइव्ह फ्रेडी याने १९७९ च्या आरंभी ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकातून चौरस फुटाला पाच डॉलर दराने भिंती रंगवून देण्याची तयारी जाहीर केली. ते वाचून इटलीतील कलाविक्रेते क्लॉडिओ ब्रुनी यांनी संपर्क साधला आणि त्याच वर्षी रोमच्या मेदुसा दालनात ली आणि फ्रेडी यांच्या कॅनव्हासचे प्रदर्शन झाले. फ्रेडीने १९८० मध्ये एका डब्यावर सुपाच्या डब्यांची रांग रंगवली. अँडी वॉरहॉल यांच्या प्रसिद्ध चित्रमालिकेला दिलेली ती उघड दाद होती. आपल्याला कलेचा इतिहास ठाऊक आहे, असे भुयारातील मुलांनी दालनांना कळवले होते.

जून १९८० मध्ये एका रिकाम्या इमारतीत भरलेला ‘टाइम्स स्क्वेअर शो’, फेब्रुवारी १९८१ मध्ये पी. एस. १ या कलाकेंद्रातील ‘न्यूयॉर्क/न्यू वेव्ह’ हे प्रदर्शन आणि १९८१ मध्येच अभिनेत्री पॅटी ॲस्टर व बिल स्टेलिंग यांनी ईस्ट व्हिलेजमध्ये उघडलेली ‘फन गॅलरी’, हे या वाटेवरील महत्त्वाचे टप्पे. १९८२ पासून शेअर बाजारात तेजी आली, नव्या श्रीमंतांना नवी कला हवी होती आणि आकृतिबंधात्मक, भडक रंगांची चित्रे पुन्हा मागणीत आली. डिसेंबर १९८३ मध्ये सिडनी जॅनिस गॅलरीने ‘पोस्ट-ग्राफिटी’ हे प्रदर्शन भरवले. अमूर्त चित्रकलेपासून पॉप कलेपर्यंत अनेक प्रवाहांना मान्यता देणाऱ्या या प्रतिष्ठित दालनात क्रॅश, डेझ, लेडी पिंक यांच्यासारख्या रेल्वेच्या डब्यांवर वाढलेल्यांची चित्रे लागली.

बास्किया आणि हेरिंग

बाजाराने शिखरावर नेलेली दोन नावे मात्र रेल्वे यार्डातील नव्हती. बास्कियाचा जन्म १९६० मध्ये ब्रुकलिनमध्ये झाला. वडील हैतीचे, आई पोर्तो रिकन वंशाची. आई त्याला लहानपणी वस्तुसंग्रहालयांत नेत असे. १९७८ च्या सुमारास त्याने मित्र अल डियाझ याच्यासोबत ‘सेमो’ या नावाने भिंतींवर उपरोधिक वाक्ये लिहिण्यास सुरुवात केली. ही वाक्ये त्याने मुख्यतः जेथे कलावंत आणि दालनांचे लोक वावरत, त्याच भागात लिहिली. अल्पावधीत ‘सेमो मेला’ असे भिंतींवर लिहून त्याने हा अध्याय संपवला. १९८१ मध्ये कलाविक्रेत्या ॲनिना नोसेई यांनी त्याला आपल्या दालनाचे तळघर चित्रे काढण्यासाठी दिले. १९८२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ या जागतिक प्रदर्शनात तो सहभागी झाला, तेव्हा त्याचे वय होते २१. फेब्रुवारी १९८५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवार मासिकाच्या मुखपृष्ठावर, सूट घातलेला पण अनवाणी, असा तो झळकला. १२ ऑगस्ट १९८८ रोजी अमली पदार्थाच्या अतिसेवनाने त्याचा अंत झाला.

कीथ हेरिंगचा जन्म १९५८ मधला, पेनसिल्व्हेनियातील. तो १९७८ मध्ये न्यूयॉर्कला कलाशिक्षणासाठी आला. भुयारी स्थानकांतील जाहिरातीचा करार संपला की त्या जागेवर काळा कागद चिकटवला जात असे. १९८० पासून हेरिंगने त्या काळ्या कागदांवर पांढऱ्या खडूने रेखाटने काढण्यास सुरुवात केली. रांगणारे तेजस्वी बाळ, भुंकणारा कुत्रा, नाचणाऱ्या आकृत्या यांसारखी ही चित्रे काही मिनिटांत पूर्ण होत. त्यासाठी त्याला अनेकदा दंड आणि अटक झाली. १९८२ मध्ये टोनी शफ्राझी यांच्या दालनातील प्रदर्शनाने तो प्रस्थापित झाला. त्यानंतर एक वेगळीच अडचण उभी राहिली. हेरिंगचे खडूचे चित्र स्थानकावर उमटले की लोक ते कागदासकट काढून नेऊन विकू लागले. प्रवाशांसाठी फुकट असलेले चित्र प्रवाशांना दिसेनासे झाले आणि १९८५ मध्ये त्याने हे काम थांबवले. पुढील वर्षी त्याने ‘पॉप शॉप’ हे दुकान उघडून बनियन, बिल्ले, भित्तिपत्रे अल्प किमतीत विकण्यास सुरुवात केली. १६ फेब्रुवारी १९९० रोजी, ३१व्या वर्षी, एड्समुळे त्याचे निधन झाले. तत्पूर्वी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाद्वारे एड्सग्रस्त आणि मुलांसाठीच्या कामाला त्याच्या कलेतून आजही मदत मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानकांवरून वाचलेल्या अशा ३१ रेखाटनांच्या संग्रहाला सदबीजच्या लिलावात सुमारे ९२ लाख डॉलर मिळाले.

एका भिंतीची किंमत

दालनांची दारे उघडत होती, त्याच वर्षी भिंतीवर लिहिणे जिवावरही बेतू शकते, हे दाखवणारी घटना घडली. १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे मायकेल स्टुअर्ट या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला मॅनहॅटनच्या भुयारी स्थानकात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून रेल्वे पोलिसांनी पकडले. कोठडीत असतानाच तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचला आणि १३ दिवसांनी मरण पावला. या प्रकरणी खटला चाललेले सहाही पोलीस १९८५ मध्ये निर्दोष सुटले.

बास्किया या घटनेने हादरला. त्या तरुणाच्या जागी आपणही असू शकलो असतो, असे तो म्हणत असे. हेरिंगच्या कामाच्या जागेतील भिंतीवर त्याने निळ्या गणवेशातील दोन पोलीस आणि त्यांच्यामध्ये एक काळी, चेहरा नसलेली आकृती रंगवली. वर शब्द लिहिला ‘डिफेसमेंट’, अर्थात विद्रूपीकरण. भिंतीचे विद्रूपीकरण की माणसाचे, हा प्रश्न त्या एका शब्दात होता. जागा सोडताना हेरिंगने भिंतीचा तेवढा भाग कापून घेतला आणि सोनेरी चौकटीत बसवून आपल्या पलंगावर लावला. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने या चित्राभोवती स्वतंत्र प्रदर्शन उभारले. बास्किया त्या वेळी प्रदर्शने भरवणारा, विकला जाणारा चित्रकार होता. तरी रात्री स्थानकावर पकडला गेला असता, तर त्याला कॅनव्हासचा उपयोग झाला नसता.

मागे राहिलेले

१९८५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बाजाराचे मन ग्राफिटीवरून उडाले. फन गॅलरी त्याच वर्षी बंद पडली. बास्किया आणि हेरिंग यांना ‘ग्राफिटी कलावंत’ या शिक्क्यातून बाहेर पडता आले. किंबहुना बास्कियाने तो शिक्का स्वतःवर कधी लावूनच घेतला नाही. ज्यांनी प्रत्यक्ष डबे रंगवले त्यांना ते जमले नाही. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ ही डब्यांची मालिका रंगवणारा डाँडी व्हाइट हा अक्षररचनेतील थोर कारागीर मानला जातो. १९९८ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या चित्रांना मिळणाऱ्या किमती बास्कियाच्या जवळपासही नव्हत्या. इक्वेडोरमध्ये जन्मलेली लेडी पिंक पुरुषांच्या या क्षेत्रात पंधराव्या वर्षी शिरली आणि टिकली, तीही भिंती रंगवीतच.

या मंडळींना आधार दिला तो मुख्यतः युरोपने. ॲमस्टरडॅमचे विक्रेते याकी कॉर्नब्लिट यांनी त्यांची चित्रे घेतली. १९८३ मध्ये रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयाने प्रदर्शन भरवले. न्यूयॉर्कमध्ये चित्रकार मार्टिन वाँग याने मित्रांची चित्रे, रेखाटनांच्या वह्या जमवल्या आणि ३०० हून अधिक कामांचा हा संग्रह १९९४ मध्ये शहराच्या संग्रहालयाला दान केला. डब्यांवरील कामांपैकी उरली ती छायाचित्रे. मार्था कूपर आणि हेन्री चॅलफंट यांनी ती घेतली आणि १९८४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १२ मे १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या परिवहन संस्थेने शेवटचा रंगलेला डबा सेवेतून काढल्याचे जाहीर केले. एका कलाप्रकाराचे मूळ माध्यमच त्या दिवशी संपले.

बँक्सी नावाचे कोडे

पुढची लाट ब्रिटनमधून आली. ब्रिस्टल शहरात नव्वदच्या दशकात भिंती रंगवू लागलेल्या बँक्सीने आपली ओळख अधिकृतपणे कधीच जाहीर केलेली नाही. कापलेल्या छापावरून रंग फवारण्याचे तंत्र त्याने अवलंबले, कारण त्यात वेळ कमी लागतो आणि पकडले जाण्याचा धोका घटतो. पॅरिसमध्ये ब्लेक ले रा याने १९८१ पासून उंदरांचे असे छाप उमटवले होते. बँक्सीच्या कामावर त्याचा प्रभाव स्पष्ट आहे.

बँक्सीने बाजाराची थट्टा केली आणि बाजाराने त्या थट्टेचीही किंमत लावली. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी लंडनच्या सदबीजमध्ये त्याचे ‘गर्ल विथ बलून’ हे चित्र १० लाख ४२ हजार पौंडांना विकले गेले आणि त्याच क्षणी चौकटीत दडवलेल्या यंत्राने ते अर्ध्यापर्यंत पट्ट्यापट्ट्यांत कापले. नवे नाव धारण केलेली हीच अर्धवट फाटलेली कलाकृती ऑक्टोबर २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. त्याआधी मार्च २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीत परिचारिकेला मानवंदना देणारे त्याचे चित्र १ कोटी ६७ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले जाऊन ती रक्कम ब्रिटिश आरोग्यसेवेशी निगडित संस्थांना मिळाली होती.

अन्य नावेही याच वाटेवरची आहेत. बराक ओबामा यांचे २००८ मधील ‘होप’ हे भित्तिपत्र करणारा शेपर्ड फेअरी याचे काम जानेवारी २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात दाखल झाले. पुढच्याच महिन्यात बोस्टनमधील स्वतःच्या संग्रहालय-प्रदर्शनाच्या समारंभाला जाताना, भिंतींवर चिकटवलेल्या कामांबद्दल त्याला अटक झाली. जर्सी सिटीतून आलेल्या ‘कॉज’ या कलावंताच्या एका चित्राला एप्रिल २०१९ मध्ये हाँगकाँगला सुमारे १ कोटी ४८ लाख डॉलर मिळाले.

बाजार काय विकत घेतो?

कलाबाजाराला काही गोष्टी अत्यावश्यक असतात. वस्तू हलवता आली पाहिजे, ती कोणाची हे सिद्ध झाले पाहिजे आणि ती कोणाकोणाच्या हातून गेली याचा इतिहास हवा. भिंत या कसोट्यांवर उतरत नाही. बँक्सीच्या वतीने २००८ मध्ये स्थापन झालेले ‘पेस्ट कंट्रोल’ हे कार्यालय त्याच्या चित्रांना प्रमाणपत्र देते, परंतु रस्त्यावरून कापून आणलेल्या कामांना देत नाही. प्रमाणपत्राचे महत्त्व बास्कियाच्या बाबतीतही दिसले. त्याच्या वारसांची प्रमाणीकरण समिती २०१२ मध्ये विसर्जित झाली. जून २०२२ मध्ये फ्लोरिडातील ऑरलँडो कलासंग्रहालयातून एफबीआयने बास्कियाची म्हणून मांडलेली २५ चित्रे जप्त केली. पुढील वर्षी लॉस एंजेलिसच्या एका लिलावकर्त्याने अशी बनावट चित्रे तयार करण्यात आपला हात असल्याचे मान्य केले.

पुनर्विक्रीत कलावंताला काय मिळते, हाही कळीचा मुद्दा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात पुनर्विक्रीतील वाट्याची तरतूद नाही. १९ हजार डॉलरचे चित्र ११ कोटींना गेले, त्यातील फायदा विकणाऱ्याचा आणि मध्यस्थाचा. ब्रिटनमध्ये २००६ पासून असा हक्क आहे; मात्र २०२१ मधील नियमांनुसार एका विक्रीमागे त्याची कमाल मर्यादा १२ हजार ५०० युरो होती. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये दहा हजार रुपयांहून अधिक किमतीच्या पुनर्विक्रीत कलावंताला वा वारसांना कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा देण्याची तरतूद आहे.

भिंत कोणाची, चित्र कोणाचे?

२०१२ मध्ये लंडनच्या वुड ग्रीन भागातील दुकानाच्या भिंतीवर बँक्सीने झेंड्यांच्या माळा शिवणारा बालमजूर रंगवला. फेब्रुवारी २०१३ मध्ये भिंतीचा तो भाग कापून मायामीच्या लिलावात ठेवला गेला. रहिवाशांच्या विरोधामुळे तेथून तो मागे घेतला गेला, पण जूनमध्ये लंडनला त्याची विक्री झालीच. २०१४ मध्ये ब्रिस्टलच्या एका युवक मंडळाच्या दारावरील त्याच्या चित्राला मात्र ४ लाख ३ हजार पौंड मिळाले आणि बंद पडू घातलेले मंडळ वाचले. पहिल्या घटनेत वस्तीने चित्र गमावले, दुसऱ्या घटनेत चित्राने वस्तीची संस्था राखली. इटालियन कलावंत ब्लू याने तिसरा मार्ग निवडला. बोलोन्यात पडक्या इमारतींवरून काढलेली भित्तिचित्रे कलावंतांच्या संमतीविना प्रदर्शनात मांडली जाणार, हे कळताच मार्च २०१६ मध्ये त्याने शहरातील आपली वीस वर्षांची चित्रे स्वतःच करड्या रंगाने झाकून टाकली.

कायद्याने कलावंताच्या बाजूने दिलेला सर्वांत ठळक निर्णय ‘फाइव्ह पॉइंट्स’ प्रकरणातील. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्या अनुमतीने वर्षानुवर्षे रंगवल्या जात होत्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत त्या पांढऱ्या करून टाकल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी २१ कलावंतांना एकूण ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई दिली. २०२० मध्ये अपील न्यायालयानेही निर्णय कायम ठेवला. भिंत मालकाची असली तरी त्यावरील मान्यताप्राप्त कलाकृती मनमानीपणे नष्ट करता येणार नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. आपल्याकडे याच आशयाचा निर्णय त्याआधी झालेला आहे. विज्ञान भवनातून हलवताना नासधूस झालेल्या भित्तिशिल्पाबाबत शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्प परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला होता.

विनापरवाना कामाला मात्र हे संरक्षण अपुरे पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसच्या भिंतीवर न्यायाधीश निदर्शकावर हातोडा उगारत असल्याचे चित्र बँक्सीने काढले. ते काही दिवसांतच खरवडण्यात आले आणि मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा म्हणून पोलिसांकडे तक्रार गेली.

मुंबईची वाट

मुंबईतही रस्त्यावरून कलाबाजाराच्या शिखरापर्यंत गेलेला एक प्रवास आहे, पण त्याची जातकुळी वेगळी. मकबूल फिदा हुसेन यांनी तरुणपणी पोटासाठी मुंबईत सिनेमाची अवाढव्य होर्डिंग्ज रंगवली. शिडीवर चढून चौरस फुटांच्या हिशेबाने केलेले हे काम पुढील चित्रपट लागताच नव्या रंगाखाली जात असे. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधून ते पुढे आले. त्यांचे १९५४ मधील ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. ती आधुनिक भारतीय चित्राला तोपर्यंत मिळालेली सर्वोच्च लिलाव किंमत होती. होर्डिंग्ज गेली, कॅनव्हास राहिला. न्यूयॉर्कच्या डब्यांची आणि कॅनव्हासची गोष्टही हीच आहे.

आजच्या मुंबईतील भित्तिकला बहुधा परवानगीने उभी राहते. २००९ मध्ये तुळशी पाइप रोडवरील रेल्वेच्या लांबलचक भिंतीवर नागरिकांनी आणि कलावंतांनी चित्रे काढली. २०१४ मध्ये वांद्रे येथील एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र साकारले. ते काढणाऱ्यांतील रणजित दहिया याने उमेदीच्या काळात घरांना रंग देण्याचे काम केले होते. २०१७ मध्ये ससून डॉकमध्ये भरलेल्या प्रदर्शनाने कोळी समाजाचे जगणे भिंतींवर आणले. या उपक्रमांमागे संस्था आणि रंग उत्पादक कंपन्यांचे पाठबळ असते. दुसरीकडे, परवानगीविना भिंतीवर काही काढणे हा महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे.

बास्कियाने १९८३ मध्ये भिंतीवर लिहिलेला शब्द आणि या कायद्याच्या नावातील शब्द एकच आहे, हा निव्वळ योगायोग. पण तो विचार करायला लावणारा आहे. विद्रूपीकरण आणि कलाकृती यांतील फरक पुष्कळदा चित्रात नसतो. ते कोणी काढले, कोणाच्या भिंतीवर काढले आणि ते पाहणाऱ्याच्या खिशात किती पैसे आहेत, यावर तो ठरतो. लिलावगृहांनी गेल्या चार दशकांत या कलेची किंमत ठरवली. तिचे मोल मात्र त्याआधीच, तिकीट काढून गाडीची वाट पाहणाऱ्या लाखो प्रवाशांसमोर, काही मिनिटांत उमटलेल्या आणि काही दिवसांत पुसल्या गेलेल्या रेषांनी ठरवले होते. त्या रेषा काढणाऱ्या अनेकांना त्यापोटी एक डॉलरही मिळाला नाही.